दीर्घिकांचे फोटो काढण्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचा फोटो कोणालाही दाखवला की पहिला प्रश्न येतो "हा तुम्ही काढलाय?" आणि दुसरा "कॅमेरा कुठला?". पुढचे प्रश्न माणसागणिक वेगळे असतात, पण सात-आठ वर्षांत तेही फिरून फिरून तेच यायला लागलेत, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी राहतो पुण्यात, फोटो बहुतेक वेल्ह्याकडे तोरण्याच्या आजूबाजूला काढतो, त्यामुळे इथे लिहिलेलं आपल्याकडच्या आकाशाला, आपल्याकडच्या हवेला आणि आपल्या पावसाळ्याला धरून आहे. परदेशातले व्हिडिओ बघून शिकलेल्यांची गाडी नेमकी इथेच अडते.

दीर्घिका म्हणजे आकाशगंगाच ना?

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक समूह. बोलताना सगळे सगळ्यांनाच आकाशगंगा म्हणतात आणि त्याने काही अडत नाही, पण आकाशगंगा हे आपल्या घरचं नाव आहे. सूर्य ज्या दीर्घिकेत आहे ती आपली आकाशगंगा, उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर वृश्चिक-धनूच्या बाजूने वर येणारा तो दुधट पट्टा. बाकीच्या सगळ्या दीर्घिका. हा फरक माणसाला कळून तरी कुठे फार दिवस झालेत, १९२३ साली एडविन हबल ह्या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या माऊंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीत एक रूपविकारी (उजेड कमी-जास्त होणारा) तारा पकडला, त्याच्यावरून अंतर काढलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या फार फार बाहेर आहे हे पक्कं झालं. त्याआधी सगळे तिला तेजोमेघच, म्हणजे वायू-धुळीचा ढग, म्हणत होते. आज तिचं अंतर धरतात साधारण २५ लाख प्रकाशवर्षं.

माझ्याकडे टेलिस्कोप नाही, साधा डीएसएलआर आहे. दीर्घिका येईल का?

येईल. हा प्रश्न विचारणाऱ्या निम्म्या लोकांकडे लागणारं सगळं सामान आधीच कपाटात पडलेलं असतं. देवयानी लहान आहे म्हणून दिसत नाही असं सगळ्यांना वाटतं पण तसं नाहीये, आकाशात तिची लांबी जवळजवळ ३ अंश आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवा तेवढी. दिसत नाही कारण ती अंधुक आहे. त्यामुळे इथे मोठं करून दाखवणारं भिंग कामाचं नाही, उजेड गोळा करणारी लेन्स आणि अंधारी जागा कामाची.

एक साधी ५० मिमीची एफ १.८ लेन्स, जरा जड ट्रायपॉड आणि रिमोट किंवा इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं यंत्र), बस. ५० मिमीवर साध्या क्रॉप (लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात देवयानी साधारण साडेसहाशे पिक्सेल लांबीची येते, म्हणजे मोबाईलच्या स्क्रीनवर बघायला पुरून उरेल इतकी. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ ने सुद्धा येते, फक्त त्या लेन्सला उजेड कमी जातो म्हणून वेळ जास्त लागतो. १३५ किंवा २०० मिमीची लेन्स पुण्या-मुंबईत एक-दोन दिवसांसाठी भाड्याने मिळते, विकत घ्यायच्या आधी एकदा भाड्याने नेऊन बघाच.

सुरुवात कुठल्या दीर्घिकेपासून करू आणि ती शोधायची कशी?

देवयानीपासूनच, दुसरा विचारच करू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास ती पुण्यातून उत्तरेकडे तोंड करून बघितलं तर ६७ अंशांवर असते, म्हणजे मान चांगलीच वर करावी लागते, आणि एवढ्या उंचीवर क्षितिजाजवळची धूळ, धुरकं काही मध्ये येत नाही.

शोधायचे दोन रस्ते. एक म्हणजे शर्मिष्ठेवरून. उत्तरेला एम अक्षरासारखे पाच तारे दिसतात ना, त्या एमचा जो कोन जास्त टोकदार आहे तो बाणासारखा देवयानीकडे बोट दाखवतो. दुसरा रस्ता भाद्रपदांच्या चौकोनावरून: चौकोनाच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून निघणारी ताऱ्यांची ओळ धरायची, दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबायचं, तिथून शर्मिष्ठेच्या दिशेने दोन अंधुक तारे चढायचे, आणि दुसऱ्याच्या शेजारीच तो पुसट डाग असतो. शर्मिष्ठा, देवयानी, ययाती, वृषपर्वा सगळे आकाशाच्या एकाच भागात राहतात त्यामुळे महाभारतातली गोष्ट माहीत असली की नकाशा अर्धा पाठच असतो. अगदीच सापडलं नाही तर स्टेलॅरियम हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आपलं गाव आणि वेळ टाकायची.

नंतर त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका (एम म्हणजे मेसिए ह्या निरीक्षकाच्या यादीतला क्रमांक). कागदावर ती बऱ्यापैकी तेजस्वी आहे पण सगळा उजेड मोठ्या जागेवर पसरलेला आहे, त्यामुळे जरा जरी आकाश उजळ असलं की ती गायबच होते. जागा किती अंधारी आहे हे मी आता तिच्यावरूनच ठरवतो.

सेटिंग्ज सांगा ना.

५० मिमीसाठी सांगतो, ट्रॅकर (ताऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसताना. मॅन्युअल मोड, रॉ फाईल (कॅमेऱ्याने काही न बदललेला कच्चा फोटो), एफ २ किंवा २.८, आयएसओ १६०० ते ३२००, एक्स्पोजर ४ सेकंद. सगळीकडे ५००चा नियम सांगतात, ५०० भागिले फोकल लेंथ एवढे सेकंद, पण तो फिल्मच्या काळातला हिशोब आहे, आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरला चालत नाही, तारे लांबुडके येतात. पृथ्वी सेकंदाला १५ कोनीय सेकंद (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फिरते, देवयानी ध्रुवाच्या बाजूला आहे म्हणून तिथे ते थोडं कमी भरतं, तरी ४ सेकंदांत तारा अडीच-तीन पिक्सेल सरकतोच. तेवढं चालतं.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, ऑटोफोकस बंद. फोकस हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात जास्त रात्री त्याच्यापायीच वाया जातात. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. एखादा ठळक तारा लाईव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून घ्या आणि रिंग अगदी हळू फिरवत तो सगळ्यात बारीक ठिपका झाला की तिथेच चिकटपट्टी लावून टाका. दर अर्ध्या तासाने परत तपासा, कारण रात्र थंड होते तशी लेन्स आकसते आणि फोकस हलतो. माझी एक अख्खी रात्र, चारशे फ्रेम, ह्या एका गोष्टीने गेली, घरी येऊन उघडल्या तर प्रत्येक तारा छोटा गोल पापड झालेला, आणि त्या फायलींचं नंतर काहीच करता येत नाही.

एवढे शेकडो फोटो कशाला काढायचे? एकच चांगला काढला तर?

पावसाळ्यात पागोळ्यांखाली बादली लावतो तसं आहे हे. वाटी लावली तर वाटीभर पाणी, बादली लावली तर बादलीभर, पाऊस तेवढाच असतो. दीर्घिकेचा उजेड थेंब थेंब येतो, चार सेकंदांत फार थोडा येतो आणि त्यात सेन्सरची स्वतःची खरखर मिसळते. पण ही खरखर दर फ्रेममध्ये वेगळ्या जागी असते आणि दीर्घिका त्याच जागी असते, त्यामुळे तीनशे फ्रेम ताऱ्यांवर तारे बसवून एकत्र केल्या की खरखर एकमेकीला मारते आणि दीर्घिका वर येते. ह्यालाच स्टॅकिंग म्हणतात. ३०० गुणिले ४ म्हणजे २० मिनिटांचा उजेड. आणि हिशोब असा की वेळ चौपट केला की फोटोची स्वच्छता दुप्पट होते, म्हणून लोक एका दीर्घिकेवर दहा-दहा, वीस-वीस तास घालवतात, वेगवेगळ्या रात्रींचे मिळून.

त्याच्या जोडीला डार्क आणि फ्लॅट फ्रेम लागतात. डार्क म्हणजे लेन्सचं झाकण लावून त्याच सेटिंगवर, त्याच थंडीत काढलेले वीस-तीस फोटो, सेन्सरचे गरम पिक्सेल त्यातून कळतात. फ्लॅट म्हणजे लेन्सच्या तोंडावर पांढरं स्वच्छ सुती कापड ताणून (मी धुतलेला बनियन वापरतो, सुरकुती नको) पहाटेच्या आकाशाकडे करून काढलेले फोटो, त्यातून लेन्सवरची धूळ आणि कडेचा काळपटपणा जातो. सुरुवातीला फ्लॅटचा कंटाळा सगळेच करतात. करू नका, दीर्घिकेची बाहेरची पुसट कड फ्लॅटशिवाय कधीच नीट निघत नाही.

महिना आणि तिथी कुठली धरायची?

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि अमावस्या बघा. वद्य दशमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस आपले. चंद्र असताना दीर्घिका काढायला जाऊ नका, पेट्रोल फुकट जातं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर काहीच होत नाही हे मान्य करून टाकायचं. सर्वपित्रीला आकाश कधी उघडतं कधी नाही. लक्ष्मीपूजनाची अमावस्या तिथीने उत्तम पण धुराने आणि रोषणाईने वाईट, म्हणून तिच्या तीन-चार दिवस आधी जायचं किंवा सरळ पुढची कार्तिक अमावस्या धरायची. कार्तिक आणि मार्गशीर्षातल्या अमावस्या म्हणजे देवयानीसाठी सोनं. मग गुढीपाडव्याच्या आदल्या फाल्गुन अमावस्येपासून वैशाखापर्यंत दुसरा हंगाम.

फेब्रुवारी ते मेला दीर्घिकांचा हंगाम का म्हणतात?

हे मला स्वतःला फार आवडतं. आपली आकाशगंगा भाकरीसारखी चपटी आहे आणि आपण तिच्या आत आहोत. कडेच्या बाजूने बघितलं की मध्ये तारे, धूळ, वायू असं सगळं येतं आणि पलीकडचं काही दिसत नाही. पण भाकरीच्या वरच्या अंगाने सरळ बाहेर बघितलं तर फार थोडं मध्ये येतं. ही वर बघायची दिशा नेमकी अरुंधती केश तारकासमूहात आहे आणि तो भाग वसंतात रात्री डोक्यावर येतो. म्हणून सिंह, कन्या, सप्तर्षी, शामशबल ह्या सगळ्या पट्ट्यात दीर्घिकाच दीर्घिका. कन्येत तर साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा अख्खा गाव आहे, २०० मिमीच्या लेन्सने त्या भागाचा एक फोटो काढून मोठा करून बघा, तारे म्हणून जे वाटतात त्यातले कितीतरी ठिपके जरा पसरट निघतात आणि ती प्रत्येक एक दीर्घिका असते. मी पहिल्यांदा ते मोजायला बसलो तेव्हा चाळीसच्या पुढे मोजून झाल्यावर उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

सप्तर्षींच्या शेपटाकडच्या ताऱ्याजवळची एम ५१, त्यांच्याच डोक्याकडची एम ८१-८२ ची जोडी, सिंहाच्या मागच्या पायापाशी तीन दीर्घिकांचं त्रिकूट, ही पुढची कामं. पण ह्या सगळ्या देवयानीपेक्षा खूप लहान दिसतात, त्यांना २०० मिमीच्या वर आणि ट्रॅकर हवा.

आणि एक, आपण १५ ते २२ अक्षांशात राहतो ह्याचा फायदा घ्या. नरतुरंग तारकासमूहातली एनजीसी ५१२८ (एनजीसी ही अशीच आणखी एक मोठी यादी) ही धुळीचा काळा पट्टा असलेली दीर्घिका पुण्यातून दक्षिणेला २८ अंशांवर येते, युरोपातल्या बहुतेकांना ती दिसतच नाही. शिल्पकारातली एनजीसी २५३ तर ४६ अंश वर येते, आणि ती देवयानीच्याच हंगामात.

पुण्या-मुंबईतल्या गच्चीवरून जमेल का? फिल्टर लावून?

गच्चीवरून सराव करा, फोकस, फ्रेमिंग, स्टॅकिंग सगळं शिकता येतं. एम ८२ सारखी लहान पण घट्ट उजेडाची दीर्घिका शहरातूनही बऱ्यापैकी येते. फिल्टरचं मात्र स्पष्ट सांगतो, दीर्घिकेसाठी पैसे घालवू नका. तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतात म्हणून तेवढेच रंग आत सोडणारे फिल्टर तिथे जादू करतात. दीर्घिकेचा उजेड हा ताऱ्यांचा उजेड, सगळ्या रंगांचा, आणि रस्त्यावरचे नवे एलईडी दिवेही सगळ्या रंगांचे. फिल्टर कोणाला अडवणार आणि कोणाला सोडणार. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे तरी गाळता यायचे.

आकाशाचा काळोख मोजायला बॉर्टल नावाची १ ते ९ अशी पट्टी आहे, २००१ साली जॉन बॉर्टल नावाच्या अमेरिकन हौशी निरीक्षकाने काढलेली. १ म्हणजे काळंकुट्ट, ९ म्हणजे शहराचा मध्य. पुण्याचा मध्यभाग ८-९, वेल्ह्याकडे ४ च्या आसपास. गच्चीवरच्या पाच तासांपेक्षा तिथला एक तास जास्त देऊन जातो, हे दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवून मी बघितलंय.

मग जायचं कुठे?

भंडारदरा, माळशेजच्या वरचं पठार, जुन्नरचा आतला भाग, वेल्हे, मुंबईकरांसाठी वांगणीकडची बाजू, विदर्भात पेंच. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आपल्या महाराष्ट्रात. पण नावांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे शहर तुमच्या कुठल्या अंगाला आहे. वेल्ह्यात पुण्याचा उजेड ईशान्येला येतो, म्हणून मी देवयानी डोक्याकडे चढेपर्यंत थांबतो.

आणि जागा टिकत नाहीत. मी २०१८ पासून ज्या वाडीजवळ जातो तिथे सुरुवातीला एम ३३ दुर्बिणीतून सहज दिसायची. मग समोरच्या उतारावर एक रिसॉर्ट झालं, त्याच्या कुंपणाला रात्रभर आकाशाकडे तोंड केलेले फ्लडलाईट. मग फाट्यावर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे मोठे दिवे, आला. गावाला उजेड नको असं मी कधीच म्हणणार नाही, फाट्यावर अंधारात बाया-माणसं एसटीची वाट बघत उभी राहायची ते मी बघितलंय. पण उजेड रस्त्यावर पडावा, ढगांवर कशाला. दिव्यावर एक पत्र्याची टोपी बसवली तर रस्त्यावर उलट जास्त उजेड पडतो आणि वीजही कमी लागते.

त्याच वाडीत एक आजी आहेत, त्यांच्या खळ्यात आम्ही ट्रायपॉड लावतो. पहिल्या वर्षी पडवीतला बल्ब नेमका कॅमेऱ्यावर यायचा, मी जाऊन म्हटलं "आजी, तासभर लाईट घालवता का?" त्यांनी काही न विचारता घालवला आणि घोंगडी घेऊन बाहेर येऊन बसल्या. मी त्यांना दुर्बिणीतून देवयानी दाखवली. बराच वेळ बघत होत्या, मग दुर्बीण खाली ठेवून नुसत्याच वर बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "ह्यो ठिपका व्हय, ह्यो आमी नुसत्या डोळ्यांनी बघायचो की. ल्हानपणी." खरंय ते, अंधाऱ्या जागी ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, अल् सुफी नावाच्या इराणी खगोलशास्त्र्याने सन ९६४ मध्ये तिची छोटा ढग म्हणून नोंद केलेली आहे. आता आम्ही गेलो की आजी स्वतःहून बल्ब घालवतात, आणि शेजारच्या घरालाही हाक मारतात.

ट्रॅकर घेऊ का? आणि ध्रुवतारा सापडत नाही.

पाच-सहा रात्री साध्या ट्रायपॉडवर काढल्यावर घ्या. ट्रॅकर कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट फिरवतो, त्यामुळे ४ सेकंदांच्या जागी एक-दोन मिनिटांची फ्रेम काढता येते. स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचे ट्रॅकर आपल्याकडे बरेच जण वापरतात.

अडचण ही की ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाएवढाच वर असतो. पुण्यात साडेअठरा अंश, कोल्हापुरात पावणेसतरा, नागपुरात २१. म्हणजे हात लांब करून मूठ धरा, एक मूठ साधारण १० अंश, जेमतेम दोन मुठी. समोर डोंगर असला की संपलं. सह्याद्रीत हे सारखं होतं, म्हणून जागा दिवसा बघून ठेवा आणि उत्तर मोकळी आहे ना ते आधी बघा. ध्रुवतारा काही फार ठळक नसतो, खालच्या धुरक्यात तो एकटाच असतो ही त्याची ओळख. शिवाय तो अगदी ध्रुवावरही नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, ॲपमध्ये त्याची त्या वेळची जागा बघून बसवायचा. मोठी माऊंट (दुर्बीण पेलून फिरवणारी बैठक) घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की इतक्या कमी अक्षांशावर तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटू शकतो, घेताना दुकानात १८ अंशांवर लावून दाखवायला सांगा.

स्मार्ट टेलिस्कोप चांगले का? आणि मोबाईल?

सीस्टारसारखे स्मार्ट टेलिस्कोप स्वतः शोधतात, स्वतः स्टॅक करतात, सोसायटीतल्या पोरांना दाखवायला तर फारच छान. लहान दीर्घिका त्यावर सुरेख येतात. देवयानी मात्र सीस्टार एस ५० च्या एका फ्रेममध्ये मावत नाही, सव्वा अंश बाय पाऊण अंशाहून थोडी कमी एवढीच त्याची नजर, तुकडे जोडावे लागतात. ज्यांना रात्रभर जागणं जमत नाही त्यांनी खुशाल घ्यावा.

मोबाईलवर आकाशगंगेचा पट्टा छान येतो, स्टँड हवा. देवयानी पुसट डाग म्हणून येते. तोही जपून ठेवा.

फोटोतले रंग खरे असतात की नंतर भरलेले?

खरे असतात. अंधारात आपल्या डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत म्हणून दुर्बिणीतून सगळं राखाडी दिसतं, कॅमेऱ्याला ती अडचण नाही. देवयानीचा मध्य पिवळसर येतो कारण तिथे म्हातारे, थोडे थंड तारे दाटलेत, आणि कडेचे वळसे निळसर येतात कारण तिथे तरुण, गरम तारे आहेत. म्हणजे रंग हीच माहिती आहे. आम्ही एडिटिंगमध्ये जे करतो ते म्हणजे अंधुक भाग वर ओढणं, आकाशाचा पिवळट थर काढून टाकणं, रंगांचा तोल बसवणं. जे फ्रेममध्ये आलंय तेच दिसतं.

पण इथे एक गोष्ट मी मनापासून सांगतो. हल्ली एआयने खरखर काढणारी साधनं आलीत, त्यातली काही चांगली आहेत, पण जास्त ओढली की ती स्वतःच्या मनाने धुळीचे पट्टे आणि तारे रंगवतात. असा फोटो सुंदर दिसतो पण तो देवयानीचा राहत नाही. २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला उजेड आहे तो, तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणसाचे पूर्वज दगडाची हत्यारं घडवत होते, त्याच्यात भर घालायची आपल्याला गरज नाही.

सॉफ्टवेअर: स्टॅकिंगला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, आकाशाचा उजळ थर काढायला ग्रॅक्सपर्ट, शेवटचा हात फिरवायला जिम्प. चारही फुकट आहेत. पिक्सइनसाईट विकतचं आहे, वर्षभराने विचार करा.

दव, उकाडा, बुरशी ह्याचं काय?

नोव्हेंबर-डिसेंबरात सह्याद्रीत रात्री अकरानंतर दव असं पडतं की लेन्सची काच बघता बघता पांढरी होते. यूएसबीवर चालणारा डू हीटर (दव धरू न देणारा गरम पट्टा) लेन्सला गुंडाळा, नसेल तर हात गरम करायच्या पुड्या मोज्यात घालून बांधा, चालतं. उन्हाळ्यात उलट, एप्रिल-मेच्या रात्री सेन्सर तापतो आणि त्याची खरखर साधारण दर ६ अंशांना दुप्पट होते, म्हणून डार्क फ्रेम त्याच रात्री काढायच्या. फाल्गुन-चैत्रात डोंगरांवर वणवे लागलेले असतात, त्या धुराने दक्षिणेकडचं काहीच हाती लागत नाही, तसं दिसलं तर उत्तरेकडची दीर्घिका घ्या.

पावसाळ्यात लेन्स कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, बॅगेच्या फोममध्ये ओल धरते आणि काचेवर बुरशीची जाळी पसरते, माझी एक लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाचा मोठा डबा आणि त्यात सिलिका जेल, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून परत वापरायचं.

रात्री रानात भीती नाही वाटत?

एकट्याने जाऊ नका, तीन-चार जण हवेतच. जुन्नर, भीमाशंकरकडे बिबट्या आहे, गाडीपासून लांब अंधारात भटकायचं नाही. बूट घाला, बसायच्या आधी जमिनीवर टॉर्च मारा. गेल्या गेल्या पोलीस पाटलांना किंवा जवळच्या घरी सांगा आपण कोण, कशाला आलोय, वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्या. टॉर्चला पतंगाचा लाल कागद दोन घड्या करून लावा, डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने सगळ्यांचे डोळे परत पहिल्या पायरीवर येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एखाद्या मंडळाबरोबर जावं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासूनची, मुंबईत खगोल मंडळ आहे.

हौशी लोकांच्या फोटोंचा शास्त्राला काही उपयोग होतो?

होतो की. देवयानीला वळसे आहेत हे ज्या फोटोत पहिल्यांदा दिसलं तो १८८८ सालचा फोटो आयझॅक रॉबर्ट्सचा, आणि तो पेशाने बांधकाम ठेकेदार होता. मे २०२३ मध्ये एम १०१ दीर्घिकेत तारा फुटला तो पहिल्यांदा ओळखला जपानच्या कोइची इतागाकी ह्या हौशी निरीक्षकाने, १९ मेला. आमचं नशीब असं की अमावस्या नुकतीच होती आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. वीस तारखेला रात्री आमच्या फ्रेममध्ये, जिथे आधीच्या वर्षीच्या फोटोत काही नव्हतं तिथे एक स्वच्छ ठिपका होता, दोन कोटी प्रकाशवर्षांहून लांबचा एक तारा. आम्ही लॅपटॉपवर दोन्ही फोटो आलटून पालटून बघत बसलो, खळ्यातच, उजाडेपर्यंत.

आणि २०२२ मध्ये तर ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी ह्या तीन हौशी लोकांना प्रत्यक्ष देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनच्या उजेडाची एक भलीमोठी कमान सापडली. आकाशातल्या सगळ्यात जास्त फोटो काढल्या गेलेल्या दीर्घिकेशेजारी, आणि ती कोणालाच आधी दिसली नव्हती, कारण त्या एका रंगात इतका जास्त वेळ कोणी तिकडे बघितलंच नव्हतं.

मी न्यू जर्सीत राहते, लंडनमध्ये भाऊ आहे, आमच्यासाठी काही वेगळं?

न्यू जर्सीत देवयानी जवळजवळ डोक्यावर येते आणि ध्रुवतारा ४० अंशांवर, ट्रॅकर लावणं सोपं. लंडनला जूनमध्ये रात्र पूर्ण काळी होतच नाही, त्यांनी सप्टेंबरनंतर सुरू करावं. नरतुरंगातली दीर्घिका काढायला डिसेंबरच्या सुट्टीत येऊन उपयोग नाही, ती तेव्हा पहाटे उगवते, एप्रिलमध्ये या.

जुन्या रॉ फाईल किती दिवस ठेवायच्या? हार्ड डिस्क भरली.

दुसरी घ्या पण काढून टाकू नका. पुण्याच्याच आयुका आणि आयसर ह्या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये मीन राशीत ४०० कोटी प्रकाशवर्षांवर सरस्वती नावाचा दीर्घिकांचा महासमूह सापडला तो आधीच झालेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या आकाश सर्वेक्षणाच्या माहितीत. आपली फाईल तेवढी मोठी नसेल पण तत्त्व तेच. माझ्या २०१८ च्या पहिल्या फ्रेम मी गेल्या दिवाळीत नव्या सॉफ्टवेअरमधून परत काढल्या, फक्त ५० मिमी आणि साधा ट्रायपॉड, तेव्हा मला नुसता पिवळा डाग मिळाला होता. आता त्याच फायलींतून धुळीचा पहिला पट्टा निघाला, शेजारच्या एम ११० ह्या लहान दीर्घिकेचा लांबट ठिपका निघाला, आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात एक पुसट गोल, तो एम ३३. तो तिथे आहे हे मला सात वर्षं माहीतच नव्हतं.